शून्याची दुरुस्ती

पठारावरची छावणी, लेहपासून सहा तास
शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. इथे मोबाइल चालू करायलाच बंदी आहे. आमची दुर्बीण रेडिओलहरी पकडते, आणि जे पकडायचंय ते इतकं क्षीण आहे की खिशातला एक फोनसुद्धा तिच्यापुढे ढोल बडवल्यासारखा होतो. म्हणून फोन, वायफाय, मनगटावरची शहाणी घड्याळं, सगळं लेहच्या ऑफिसात कुलपात. दर शनिवारी जीप येते. ती भाजी, रॉकेल आणि टपाल आणते आणि आमचं टपाल घेऊन जाते. तुम्हाला म्हणाले होते ना, पत्र लिहीन? आता लिहिण्यावाचून गत्यंतरच नाही.

काकूला वाचून दाखवाल म्हणून सोपं करून लिहिते. विश्व जन्मलं तेव्हा भयंकर तापलेलं होतं. तेव्हापासून ते निवतंय. उरलेली ऊब आजही आकाशात सगळीकडे सारखी पसरलेली आहे, ज्याच्याखाली थंडीच नाही त्या शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. नेमका आकडा २.७३. तो पूर्वी मोजून झालाय, पण आम्ही ज्या लहरीवर मोजतोय तिथे फारसं कुणी गेलेलं नाही. रीत अशी: दुर्बीण एकदा आकाशाकडे बघते, एकदा गरम काळ्या पेटीकडे आणि एकदा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या थंड पेटीकडे. पेट्यांचं तापमान पक्कं माहीत असेल तरच तुलनेनं आकाशाचं कळतं. आणि पेट्यांच्या पोटात बसलेत तुम्ही गाळ्यात तपासून, सही करून दिलेले नऊ थर्मामीटर!

आता खरी गोष्ट. हवेची ऊब वजा केली, आकाशगंगेची वजा केली, तरी आकडा २.९४ येतोय. काका, हे जास्तीचे ०.२१ खरे असतील तर आकाशात असं काहीतरी आहे जे आजवर कुणाला दिसलेलं नाही. खोटे असतील तर मी कुठेतरी गाढवपणा केलाय. मार्चमध्ये माझं कंत्राट संपतं. जेवण जात नाही, एका जागी बसवत नाही. छावणीला चकरा मारून मारून माझी एक पायवाट तयार झालीय.

तुमची,
मैथिली


डोंबिवली पूर्व
२९ ऑक्टोबर २०२४

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पोस्टमनने ते माझ्या हातात दिले तेव्हा शेजारच्या वर्तकांच्या समोर दिले, हे फार बरे झाले. त्यांचा मुलगा कॅनडात असतो, पण पत्र येत नाही.

तुझ्या काकूला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, विश्व निवायला एवढा काळ लागतो, तर तुम्ही चहा निवला म्हणून दोन मिनिटांत का ओरडता? यावर तुझ्या शास्त्रात काही उत्तर असेल तर कळव.

०.२१ बद्दल. आधी वायरी बघ. तुमच्या पोरांना संगणकात डोके घालायची सवय, स्क्रू कुणी आवळत नाही. कोलशेतच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली, दहातली नऊ दुखणी सैल जोडात सापडली. मग त्या पेट्यांची झाकणे बघ. थर्मामीटरचे म्हणशील तर प्रमाणपत्र तुझ्याकडे आहेच. प्रत्येकाच्या शून्याची दुरुस्ती किती, ते शेवटच्या रकान्यात लिहिले आहे. प्रत्येक वाचनात तेवढे मिळवायचे की झाले. दहावा थर्मामीटर इथे गाळ्यातल्या खिळ्याला टांगला आहे, तुझी आठवण म्हणून.

चकल्या पाठवल्या आहेत. निम्म्या मोडतील, त्या आधी खा.

तुझा,
काका


छावणी
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

चकल्यांचा पोचेपर्यंत चुरा झाला होता. आम्ही सात जणांनी तो चमच्यानं खाल्ला.

वायरी बघितल्या. झाकणं बघितली. दुर्बीण उघडून पुन्हा जोडली. तीन आठवडे आम्ही स्वतःच्याच कामातली चूक शोधतोय आणि ती सापडत नाही. आकडा जागचा हलत नाही.

एकच गोष्ट खटकत होती. द्रव नायट्रोजन किती अंशांवर उकळतो ते हवेच्या दाबावरून काढता येतं. आमच्या दाबमापकाप्रमाणे थंड पेटी जेवढी थंड हवी, त्यापेक्षा तुमचे थर्मामीटर ०.२ अंश जास्त दाखवतात. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतोय. आमच्या प्रमुख निशिगंधाताई बैठकीत म्हणाल्या, "थर्मामीटर संशयित धरायचे का?"

काका, मी उभी राहिले. मी त्यांना गाळ्यातल्या मे महिन्याच्या सुट्ट्या सांगितल्या. मी आठ वर्षांची असताना तुम्ही कुटलेल्या बर्फाचा चमचा माझ्या जिभेवर ठेवायचात. काय लागतं? काहीच नाही. मग लिही शून्य! बर्फ शुद्ध असेल तरच तो बरोबर शून्यावर वितळतो, म्हणून चाखल्याशिवाय शून्य लिहायचं नाही, हा तुमचा नियम. सगळे हसले, पण हसताना त्यांना पटलं. निशिगंधाताई म्हणाल्या, जो माणूस बर्फाची चव बघतो त्याच्यावर मी दाबमापकापेक्षा जास्त विश्वास ठेवीन. दाबमापक जुनाच होता. तो सदोष ठरवून आम्ही बाजूला ठेवलाय.

१० डिसेंबरला निबंध पाठवतोय. पहिलं नाव माझं! आणि ताईंना तळटीपेत तुम्ही हवे आहात. २६ सप्टेंबरला थर्मामीटर तपासताना तुम्ही काय केलंत ते मला दोन ओळींत लिहून पाठवा. बर्फ कसला, कसा चाखला, एवढंच. ते जसंच्या तसं छापू.

मला भीती वाटते आणि नाचावंसंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मैथिली


डोंबिवली
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मैथिलीस आशीर्वाद.

पत्र मिळाले. इथे सर्व क्षेम. गाळ्यासमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणला आहे. दोनदा काय पुरले होते ते आता काढत असावेत. काकूचा गुडघा दुखतो. साकेतने पाणी तापवायचे नवीन यंत्र आणून दिले, त्याचा थर्मोस्टॅट चार अंश चुकतो. मुलाने दिलेल्या वस्तूला नावे ठेवू नका, असे काकूचे म्हणणे.

तू बैठकीत उभे राहून माझे पोवाडे गायला नको होतेस. त्या म्हाताऱ्या दाबमापकाला एवढ्या लवकर निवृत्त कशाला केलेत? जुने म्हणजे सदोष, हा कुठला न्याय? मीही बाहत्तर वर्षांचा आहे.

दोन ओळींचे बघू. प्रमाणपत्रावर सही आहे, ती पुरेशी नाही का? गाळ्यात काम फार आहे.

पाठवायची घाई करू नकोस. आकाश कुठे पळून जात नाही.

काका


डोंबिवली
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मैथिली,

हे पत्र काकांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख नको.

हे गेला आठवडाभर अस्वस्थ आहेत. अर्धी पोळी टाकून उठतात. टीव्ही लावतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात. गाळ्यासमोर ती हौसाबाई मासळी घेऊन बसायची ना, जिच्याशी यांची दहा वर्षे वासावरून तंटा चालला होता, ती महिनाभर येत नाही. तिच्या सुनेचं बाळंतपण आहे म्हणे. तर आपली पीडा गेली म्हणून यांनी पेढे वाटायचे, तर हे तिचा पत्ता विचारत फिरतात! परवा कळव्याला जाऊन आले. तुझ्या आईबाबांकडे गेला होतात का विचारलं, तर नाही म्हणाले. सदऱ्याला चक्क मासळीचा वास!

मला वाटतं मी ओळखलंय. डॉक्टरांनी यांना प्रथिनं कमी पडतात असं सांगितलंय. या वयात मला न सांगता बाहेर जाऊन मासे खायला लागले आहेत बहुतेक. खावेत गं बापडे, मी काही आकाशपाताळ एक करणार नाही. पण लपवून? पंचेचाळीस वर्षांत यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, त्याचंच जास्त लागतं. तू त्यांची लाडकी, तुला काही बोलले असतील तर कळव.

तुझी,
शुभदाकाकू


छावणी
३० नोव्हेंबर २०२४

काका,

एवढं पत्र लिहिलंत, पाणी तापवायचं यंत्रसुद्धा आलं त्यात, आणि मला हव्या होत्या त्या दोन ओळी तेवढ्या नाहीत. रागावलात का? तुमचं कौतुक केलं तर तुम्हाला नेहमीच चावतं, ते मला माहीत आहे. पण या वेळी मला ते करू द्या. मी काही कुणाची मेहेरबानी म्हणून तुमचं नाव घालत नाहीये.

निबंध तयार आहे. १० तारखेला, मंगळवारी, ताई स्वतः लेहला जाऊन तो पाठवतील. जानेवारीत पुण्याच्या परिषदेत मी बोलायचं असं ठरलंय. तुम्ही आणि काकू पहिल्या रांगेत बसायचं. तळटीपेची जागा मी रिकामी ठेवलीय. तुमचं नाही आलं, तर मलाच आठवेल तसं लिहून टाकीन: 'बर्फ नेहमीप्रमाणे चाखून घेतला होता.'

मैथिली


डोंबिवली
२ डिसेंबर २०२४

चि. मैथिली,

हे पत्र तुला वेळेत पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी लेहच्या ऑफिसात फोन करून निरोप दिला आहे. माझ्या हिंदीची तुला कल्पना आहे, आणि घेणारा मुलगा घाईत होता. निरोपाचे काय होईल ते देव जाणे. तरी सगळे लिहितो.

तुझे थर्मामीटर चुकीचे आहेत. चूक माझी आहे.

२६ सप्टेंबरला तुझ्या आजोबांचे, अण्णांचे श्राद्ध होते. तुम्ही सगळे जेवून कळव्याला गेलात आणि मी गाळ्यावर आलो. संध्याकाळी तू थर्मामीटर न्यायला येणार होतीस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुझा प्रवास होता. शीतपेटी उघडली तर ती आदल्या दिवशीच बंद पडलेली, शुद्ध पाण्याच्या बर्फाचे पाणी झालेले. दहा थर्मामीटरना बादलीभर बर्फ लागतो. तुला सांगायला हवे होते की आज जमत नाही, चार दिवस थांब, कुरियरने पाठवतो. सांगवले नाही. वेळ मागणाऱ्या कारागिरांना मी आयुष्यभर हसत आलो.

समोर हौसाबाई होती. तिच्या पेटीत बर्फ होता. मी नाकाला रुमाल लावून बादली पुढे केली. तिने हसत हसत भरून दिली. तो बर्फ मी शुद्ध पाण्याने दोनदा धुतला, कुटला, थर्मामीटर बुडवले. चमचा हातात घेतला. आणि मैथिली, तो तोंडाजवळ नेववला नाही. मासळीच्या पेटीतला बर्फ, घरात श्राद्ध झालेले, पोटात अण्णांच्या नावाचा घास. चमचा खाली ठेवला. म्हटले, दोनदा धुतला आहे, आणखी काय हवे.

दहाच्या दहा थर्मामीटरनी उणे ०.२१ दाखवले. तिथेच मला कळायला हवे होते. दहा वेगवेगळी माणसे एकदम एकाच बाजूला तेवढीच चुकत नाहीत. पण मी समजूत घातली की एकाच कारखान्यातला एकच घाणा, असेल सारखा दोष. बर्फ शून्यावर आहे असे धरून दुरुस्तीच्या रकान्यात दहा वेळा ०.२१ लिहिले. सही केली. तू आलीस, पाया पडलीस, घेऊन गेलीस.

तुझे पहिले पत्र आले तेव्हा ०.२१ हा आकडा मी लगेच ओळखला. तरी तुला वायरी बघायला सांगितले. दुसरे पत्र आले तेव्हा तर लिहायलाच हवे होते. तू माझ्यासाठी उभी राहिलीस हे वाचले आणि मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रस्ते खणल्याचे लिहिले. याची क्षमा मागतो. चूक एका दुपारची होती, लपवणे पाच आठवड्यांचे आहे.

मग शीतपेटी दुरुस्त करून घेतली. शुद्ध बर्फ केला, चाखला, त्यात खिळ्यावरचा दहावा थर्मामीटर बुडवला. त्याने सरळ शून्य दाखवले. त्याला दुरुस्ती लागतच नाही, तेव्हा तुझ्या नवांनाही लागत नाही. तरीही मन मानेना, कारण कळायला हवे होते. म्हणून हौसाबाईला शोधत कळव्याला गेलो. पहिल्या खेपेस घर सापडले नाही. काल सापडले. ती नातीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. विचारले, त्या दिवशी बर्फात काय होते?

"मीठ, दुसरं काय? मावरं कडक ऱ्हायला मीठ मारूनच ठेवतो आमी," ती म्हणाली. "तुमी इचारलंच नाय, साहेब. तुमाला लवकर पलायचं व्हतं."

मी म्हटले, एक खडा दे. तिने आधी माझ्याकडे बघितले, मग सुनेला हाक मारून पेटी उघडायला सांगितली. अंगठ्याएवढा तुकडा दिला. मी तो तिथल्या नळाखाली दोनदा धुतला आणि तिच्यासमोर तोंडात टाकला.

खारट होता. फार नाही, आमटीत असते त्याच्या निम्मेही नाही. पण चाखणाऱ्याला कळलाच असता. मिठाने बर्फ शून्याच्या खाली उतरतो; थर्मामीटर बरोबर होते, बर्फच उणे ०.२१ वर होता. हौसाबाईने चूळ भरायला तांब्या दिला. घरी येऊन काकूला सगळे सांगितले. ती का हसली ते मला अजून कळलेले नाही.

तुझ्या वाचनांत माझी दुरुस्ती मिळवू नकोस. आकाशातूनही ०.२१ जातील. तुझा शोध मी खाल्ला, मैथिली. तुला जे बोलायचे असेल ते बोल.

काका


छावणी
१४ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र आज आलं. निरोप मात्र गेल्या शनिवारी, ७ तारखेलाच आला, कोबीच्या गोणीवर टाचलेला. लेहच्या पोरानं लिहिलं होतं: 'मैथिली मॅडम, अंकल बोले बर्फ नमकीन था. रुको.' छावणीत सगळ्यांनी तो वाचला आणि कुणाला काही कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, लोणच्याबद्दल असेल.

मला दुसऱ्या क्षणी कळलं. मी खोलीत जाऊन तुमचं प्रमाणपत्र काढलं. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक ०.२१. मी ते प्रमाणपत्र अडीच महिने बघतेय. आकाशातही तेवढेच जास्त येतात हे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही, कारण वर तुमची सही होती. ही चूक तुम्ही एकट्यानं खाऊ नका, निम्मी माझी आहे.

मला राग आला, काका. खूप आला. बर्फाचा नाही आला. तुम्ही मला रस्त्याचं आणि थर्मोस्टॅटचं लिहीत बसलात, त्याचा आला. दुपारभर मी माझ्या पायवाटेवर चालले आणि मनात तुमच्याशी भांडले. मोठ्यानंही भांडले थोडी, इथे ऐकायला कुणी नसतं.

मग हातोडी घेतली आणि ओढ्यावर गेले. ओढा गोठलेला आहे. मधला स्वच्छ बर्फ फोडला, धुतला, कुटला, आणि निशिगंधाताईंच्या समोर एक चमचा जिभेवर ठेवला. त्यांनी विचारलं, काय लागतं? मी म्हटलं, काहीच नाही. थर्मामीटर बुडवला. तुमच्या दुरुस्तीशिवाय बरोबर शून्य. ताईंनी ते वाचन स्वतः वहीत उतरवलं. मग म्हणाल्या, दाबमापक परत जागेवर लावा आणि त्याची माफी मागा.

रविवारी सगळी वाचनं नव्यानं मांडली. आकडा आला २.७३. सगळ्या जगाला येतो तोच. मी बाहेर जाऊन रडले. माझं काहीतरी होतं आणि ते गेलं असं वाटलं, म्हणजे कधी नव्हतंच, पण दोन महिने होतं ना. परिषदेत आता माझं भाषण नाही, भिंतीवर एक तक्ता आहे. मार्चनंतरचं काही ठरलेलं नाही. ताई म्हणाल्या बघू, आणि त्यांचं बघू खरं असतं असं इथले लोक म्हणतात.

पण काका, तुमचा निरोप तीन दिवस उशिरा आला असता तर ते २.९४ माझ्या नावानं जगभर गेलं असतं, आणि वर्षभरात दुसऱ्या कुणीतरी मला खोटं पाडलं असतं. तुम्ही कळव्याला गेलात. श्राद्धाचं जेवून जो बर्फ तोंडाजवळ नेववला नाही तो तुम्ही हौसाबाईच्या दारात तोंडात टाकलात. मला अजून राग आहे आणि मला तुम्हाला घट्ट मिठी मारायची आहे. काकूला सांगा, तुम्ही मासे खात असतात तरी मला चाललं असतं. ती का हसली ते तिलाच विचारा.

निबंध आता छोटा आहे, पण खरा आहे. तळटीपेची जागा अजून रिकामी ठेवलीय. मला तुमच्या दोन ओळी हव्याच आहेत. या वेळी टाळायचं नाही.

मैथिली


डोंबिवली
२४ डिसेंबर २०२४

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन ओळी खाली आहेत. तीनदा लिहिल्या, दोनदा फाडल्या. जशाच्या तशा छापाव्यात.

'दिनांक २६ सप्टेंबर रोजी शून्य लिहिण्यापूर्वी बर्फ चाखला नव्हता.
दिनांक १ डिसेंबर रोजी चाखला. खारट होता. — त्र्यंबक गोविंद जोगळेकर, डोंबिवली.'